पिंजार गल्लीतली शेवटची फळी

ही गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारची आहे, आणि खरोखर घडलेली आहे.

कोणाला खोटी वाटली तर हिंगोलीच्या जुन्या पेठेत जावं. पिंजार गल्ली कुठली ते विचारावं आणि तोंडाशीच असलेल्या गाद्यांच्या दुकानासमोर संध्याकाळी उभं राहावं. दुकान वाढवताना तिथली म्हातारी काय करते ते डोळ्यांनी बघावं. तरीही पटलं नाही, तर सोडून द्यावं.

दोन वर्षांमागचा मे महिना. शुक्रवार होता. ऊन असं, की कुत्रीसुद्धा ओट्यांच्या सावलीला जीभ काढून पडली होती.

त्या दुपारी या म्हातारीचा, खतीजाबीचा, मुलगा फहीम स्वतःच्याच दुकानात कोंडला गेला.

शटरला बाहेरून कुलूप नव्हतं.

आतूनही नव्हतं.

तरी ते उघडेना...

पण आधी गल्लीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आज तिथं कापूस पिंजणारा एकही पिंजारी उरलेला नाही. खतीजाबीच्या लहानपणी मात्र सगळी गल्ली पिंजाऱ्यांची होती. दिवाळीनंतर नवा कापूस आला की सकाळपासून धुनक्या वाजायच्या. धुनकी म्हणजे कापूस पिंजायचं लांब दांड्याचं धनुष्य. त्याच्या तातेवर, म्हणजे ताणलेल्या दोरीवर, लाकडी मुठा पडला की आवाज यायचा... तुंऽऽग... तुंऽऽग. चहाच्या कपात कापसाचे तंतू तरंगायचे. माणसांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. शाळेतून येताना खतीजा डोळे मिटून चालायची आणि नुसत्या आवाजावरून सांगायची, हे अमक्याचं दुकान, हे तमक्याचं, हे आपलं.

त्या दुकानांना दारं नव्हती. फळ्या होत्या. सागवानी, हाताएवढ्या रुंद. संध्याकाळी एकेक फळी उंबरठ्याच्या खाचेत सरकवत जायची. शेवटची फळी लावायच्या आधी एक अरुंद फट उरायची. माणूस आडवा होऊन निघेल एवढी.

आणि त्या फटीपाशी गल्लीतला प्रत्येक दुकानदार थांबायचा.

थांबून आत हाक मारायचा.

खतीजाचे अब्बा मकबूलभाई म्हणायचे, "थावरा, चल बाबा. दुकान वाढवून राहिलो."

मग ते एक पाऊल बाजूला सरायचे. जरा वेळ जाऊ द्यायचे. मगच शेवटची फळी.

शेजारच्या दुकानात वेगळं नाव. त्याच्या पुढच्या दुकानात आणखी वेगळं. सगळ्या गल्लीत दिवेलागणीला अशा हाका चालायच्या, आणि लेकरांना त्याचं काहीच वाटायचं नाही. कुठं अजान होते, कुठं आरती होते, आपल्या गल्लीत हाका होतात, एवढंच.

एकदा तिनं विचारलं होतं. "अब्बा, थावरा कोण?"

अब्बांचा हात फळीवरच थांबला.

"होता एक गडी. तांड्यावरचा."

"मग तो बाहेर येताना दिसत काहून न्हाई?"

अब्बा रागावले नाहीत. खाली वाकून एवढंच म्हणाले, "बेटा, हाक मारायची. बाजूला सरायचं. फटीसमोर कधी उभं राहायचं न्हाई. बाकी विचारायचं न्हाई."

अब्बांना मुलगा नव्हता. दुकान जावयाकडं आलं, हाकही आली. तो गेल्यावर खतीजाबी स्वतः गल्ल्यावर बसू लागली. धुनकीचं काम केव्हाच संपलं होतं. ती उशा, अभ्रे, मच्छरदाण्या विकायची. पण रोज संध्याकाळी फटीपाशी उभी राहून म्हणायची, "थावरा, चल बाबा."

एकही दिवस चुकला नाही.

मग नगरपालिकेची योजना आली.

जुन्या पेठेतल्या दुकानांची दर्शनी बाजू सुधारायला अनुदान. अर्धा खर्च दुकानदाराचा, अर्धा पालिकेचा. आधीचा फोटो काढायचा, काम झाल्यावर नंतरचा फोटो काढायचा. अट एकच. गल्लीचं तोंड एकसारखं दिसलं पाहिजे. एक रंग, एका मापाच्या पाट्या, आणि फळ्यांच्या जागी लोखंडी शटर.

फहीमचे पाय जमिनीला लागेनात. त्याला फोमच्या गाद्यांचं शोरूम करायचं होतं.

"गिऱ्हाईक आत पाय ठेवत न्हाई, अम्मी. मला विचारतात, दुकान हाय का गोदाम?"

"कर की. रंग दे, काचा बसव. फळ्या तेवढ्या राहू दे."

"फळ्या ठेवल्या तर अनुदान न्हाई."

"मग हाक कशी मारायची?"

फहीम खो खो हसला. "थावराला मोबाईल घेऊन देतो, अम्मी. रोज मिस कॉल देत जा."

शेजारच्या ओट्यावर किशनराव बसले होते. दोऱ्या-ताडपत्र्यांचं दुकान त्यांचं. त्यांच्या वडिलांनी ते एका पिंजाऱ्याकडून विकत घेतलं होतं. एरवी अशा थट्टेत सगळ्यात मोठा आवाज किशनरावांचा असायचा.

त्या दिवशी ते हसले नाहीत.

तेवढ्यात जवळा बाजारहून निरोप आला. खतीजाबीची मुलगी गुलनाज बाळंत झाली होती, तिथं करायला कोणी नव्हतं. खतीजाबी गेली. निघताना फहीमला बजावून गेली, "मी येईपर्यंत फळ्यांना हात लावायचा न्हाई."

बाळंतिणीचा चाळिसावा दिवस उरकून परतली, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरल्या उतरल्या तिला आपलं दुकान ओळखू आलं नाही.

निळं शटर. वर चकचकीत पाटी. काच. आत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या फोमच्या गाद्या.

दिसायला छानच होतं. पण ती उतरली तिथंच उभी राहिली.

"फळ्या कुठं हायत?"

काम घेतलेला ठेकेदार विकास तिथंच होता. "सेनगावला स्लॅबखाली लावल्या, खाला. सागवान हाय, वाया काहून घालवायचं?"

ती मुलाकडं वळली. "शटर पहिल्यांदा खाली ओढलं, तेव्हा हाक मारली होती का?"

"कोणाला, अम्मी? दुकान तर रिकामं होतं."

आणि फहीम खोकला.

कोरडा, खोल खोकला. बोलता बोलता त्यानं तोंडावर रुमाल धरला.

घरी गेल्यावर सून फरहीन तिला हळूच आतल्या खोलीत घेऊन गेली. "अम्मी, शटर बसल्यापासून हेच हाय. रातभर खोकतात. आणि सकाळी हे बघा..."

फहीमच्या उशीवर पांढरे तंतू पडले होते.

खतीजाबीनं ते बोटांत चोळले. बोटं पिंजाऱ्याच्या मुलीची होती, फसणार नव्हती.

कापूस.

"उशी उसवली असंल," ती म्हणाली.

"अम्मी..." फरहीनचा आवाज बारीक झाला. "आपल्या घरात कापसाची उशीच न्हाई. सगळ्या फोमच्या हायत."

दुसऱ्या दिवशी दुपारी खतीजाबी दुकानाकडं गेली. फहीम जेवायला घरी आला होता, शटर खाली होतं. गल्ली उन्हात ओस पडली होती.

तिनं ऐकलं...

तुंऽऽग.

ती थांबली.

तुंऽऽग... तुंऽऽग...

आवाज शटरच्या आतून येत होता. सावकाश, जणू कोणी फार दिवसांनी हात बसवून बघतंय.

ती तशीच घरी वळली. अब्बांची धुनकी मागच्या खोलीत खुंटीवर होती. जागची हललेली नव्हती. तिची तात तुटून किती वर्षं झाली, ते खतीजाबीलाही आठवत नव्हतं.

पाणी पिऊन ती पुन्हा दुकानापाशी आली. आता धुनकी वाजत नव्हती.

आता ठोकण्याचा आवाज होता.

ठक... ठक... ठक...

विकास समोरच्या ओट्यावर माप घेत होता. त्यालाही ऐकू येत होतं. "उन्हानं पत्रा ताणतो, खाला. नवीन शटर असंच वाजतं. एक पाऊस पडला की बसतं."

"मग हे काय?" तिनं बोट दाखवलं.

कोऱ्या शटरला पोचे पडले होते. आत दबलेले नव्हते. बाहेर उठलेले होते. आणि सगळे गुडघ्याच्या उंचीवर... खाली बसलेला माणूस ठोकेल, तिथं.

विकासनं हात लावून पाहिलं आणि झटकन मागं घेतला. "तापलंय," तो म्हणाला. मग माप घ्यायचं टाकून निघून गेला.

त्या संध्याकाळी ती दुकान वाढवायच्या वेळेला गेली. पण फहीमनं आईला लांबून येताना पाहिलं आणि ती पोचायच्या आत शटर खाली ओढलं.

"लोक हसतात, अम्मी! उद्या पालिकेचे साहेब फोटो काढायला येऊन राहिले. माझं दुकान गल्लीत पहिलं हाय. हे पास झालं तर बाकीच्यांचं काम होणार. त्यांच्यापुढं आता भुताला हाका मारू का मी?"

बोलता बोलता त्याला ढास लागली. शटरला हात टेकून तो खोकत राहिला.

तो थांबला.

शटरच्या आतला खोकला मात्र आणखी थोडा वेळ चालला...

फहीमनं तो ऐकला. चेहऱ्यावरून कळत होतं. पण तो आईकडं न बघता घरी चालू लागला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. साहेब ऊन कलल्यावर येणार होते. जुम्याची नमाज झाली, आणि फहीम काचा पुसून ठेवतो म्हणून परस्पर दुकानाकडं गेला. बराच वेळ झाला तरी जेवायला आला नाही, म्हणून खतीजाबी डबा घेऊन निघाली.

गल्लीत माणूस नव्हता.

शटर खाली होतं. बाहेर दोन्ही कड्या मोकळ्या. फहीमच्या चपला ओट्यावर.

"फहीम?"

आतून खोकला आला.

"फहीम, शटर वर घे, बेटा."

पुन्हा खोकला. पण आता दोन. एक पोराचा, तो तिनं हजारात ओळखला असता. आणि दुसरा... खालून. उंबरठ्याजवळून.

मग वास आला. जळक्या कापसाचा. तो वास एकदा नाकात गेलेला माणूस विसरत नाही.

डबा तिच्या हातातून पडला.

"किशनराव! धावा! माझं पोरगं आत हाय!"

किशनराव धोतर सावरत आले. विकास आला. पुढच्या दुकानातली माणसं आली. सगळ्यांनी मिळून शटरला हात घातले. हलेना. विकासनं पहार घालून बघितली, पहार वाकली. कापायचं मशीन आणलं तर गल्लीत लाईट नव्हती.

आत फहीमचा खोकला बारीक होत चालला होता.

"फहीम, मधल्या कुलपाची चावी फिरव!" विकास ओरडला.

आतून तुटका आवाज आला. "उघडंच... हाय... अम्मी... जागा न्हाई..."

मग तोही थांबला.

आता फक्त ठोकणं. ठक... ठक... ठक... घाई नाही, राग नाही. सवयीचं.

खतीजाबी खाली बसली. उंबरठ्यालगत तोंड नेलं आणि आयुष्यभर मारली तीच हाक मारली.

"थावरा, चल बाबा. दुकान वाढवून राहिले."

ठोकणं थांबलं.

विकासनं वाकलेली पहार पुन्हा लावली.

शटर मात्र जागचं हललं नाही...

"थावरा, चल की रे!" तिचा आवाज फाटला. "माझं लेकरू हाय आत!"

काही नाही.

आणि मग तिला अब्बांचा फळीवर थांबलेला हात आठवला. हाक मारायची. बाजूला सरायचं. फटीसमोर कधी उभं राहायचं नाही.

तिनं मान वर केली. शटरला खेटून सगळी गल्ली उभी होती.

"सरा! बाजूला सरा सगळे! त्याला वाट द्या!"

"आपा, कोणाला वाट?" किशनरावांनी विचारलं खरं, पण विचारता विचारता ते स्वतःच बाजूला झाले. बाकीची माणसं पांगली. विकास पहार टाकून सरला.

शटर तसंच.

मग तिच्या ध्यानात आलं. ती स्वतःच उंबरठ्यासमोर बसली होती.

ती बसल्या बसल्या सरकली. एक पाऊल.

शटर हातभर वर आलं.

कोणीही हात लावलेला नव्हता.

त्या फटीतून भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ आली. तिच्या पदराला काहीतरी घासून गेलं. समोरच्या ओट्याखालचं कुत्रं उठलं, गल्लीच्या तोंडाकडं बघत मागं मागं सरकलं... आणि बराच वेळ एकाच दिशेला मान वळवत राहिलं, जाणाऱ्या माणसाकडं बघावं तसं.

विकासनं शटरला बोट लावलं. ते सुर्रकन वर गेलं.

फहीम दाराशीच पडला होता. तोंड उघडं.

तोंडात कापूस होता.

खतीजाबीनं बोटं घालून तो काढला. गोळेच्या गोळे निघत होते, कडेनं काळे पडलेले. शेवटचा गोळा निघाला तेव्हा त्यानं श्वास घेतला. तो आवाज तिला अजून झोपेत ऐकू येतो.

आत प्लॅस्टिकमधल्या फोमच्या गाद्या होत्या तशाच होत्या. जळाल्याची खूण कुठंच नव्हती.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, रंगाचा आणि थिनरचा वास कोंडला असेल. कापसाचं त्यांना कोणी सांगितलं नाही. चार दिवसांनी फहीम नीट बोलायला लागला. तेव्हा त्यानं आईचा हात धरून हळू आवाजात सांगितलं.

"अम्मी, छतापर्यंत कापूस होता. हलायला जागा नव्हती. आणि तो दाराशी बसला होता, माझ्याकडं पाठ करून. ठोकत होता. मी म्हणलं, भाऊ, सरक, मला उघडू दे. तर त्यानं मान वळवली न्हाई. एवढंच म्हणला..."

"काय म्हणला?"

"म्हणला, मालक हाक मारंल."

फहीमचा खोकला त्या दिवशी गेला तो गेलाच. पालिकेच्या साहेबांनी नंतर येऊन फोटो काढला, काम पास झालं. शटर काढलं तर अनुदान परत करावं लागतं, म्हणून शटर आहे तसंच आहे. पण आता रोज संध्याकाळी फहीम शटर अर्ध्यावर आणून थांबतो. खतीजाबी हाक मारते. दोघं बाजूला सरतात. गल्लीतलं कोणी हसत नाही.

गोष्ट इथं संपायला हवी होती.

पण फहीम दवाखान्यात होता त्या दिवसांत, साहेबांचा फोटो व्हायची वाट न बघता, पुढच्या दुकानांचं काम सुरू झालं होतं. ती घरी आली तोवर ओळीनं सगळ्यांच्या फळ्या निघाल्या होत्या. किशनरावांच्याही.

ती तडक त्यांच्या ओट्यावर गेली. "भाऊ, तुमी तर डोळ्यांनी बघितलं होतं. तरी बसवलं?"

"मी नको म्हणलं होतं, आपा." किशनराव शटरकडं पाठ करून बसले होते. "आमच्या रवींद्रनं ऐकलं न्हाई. म्हणला, बाबा, एका दुकानापायी सगळ्या गल्लीचं अनुदान जाईल. पोरगं मोठं झालं, किती भांडावं?"

मग त्यांनी आपल्या वडिलांकडून ऐकलेलं सांगितलं. निजामाच्या काळात अशाच एका उन्हाळ्यात मालक लोक दुपारी फळ्या लावून जेवायला गेले. गडी आत कापसावर झोपले होते, हे कोणी बघितलं नाही. गल्लीला आग लागली. फळ्या बाहेरून अडकवलेल्या. आतून बराच वेळ ठोकल्याचा आवाज येत होता म्हणे... मग यायचा थांबला. प्रत्येक दुकानात कोणी ना कोणी होतं. त्या वर्षापासून हाका सुरू झाल्या.

"खरं किती, खोटं किती, कोणाला ठाऊक," किशनराव म्हणाले.

"तुमच्या दुकानात कोण होतं, भाऊ?"

किशनरावांनी दोरीचं एक बंडल उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"तुमचे वडील रोज नाव घ्यायचे. मी ऐकलेलं हाय. काय नाव होतं?"

"आपा, मी तवा फळ्या उचलायच्या घाईत असायचो. बापाच्या मागं मी नुसतं 'चला आता' म्हणायचो, फळ्या होत्या तोवर तेवढ्यावर भागलं. नाव..." त्यांनी कपाळ चोळलं. "भीमसिंग का हरिचंद, असं काहीतरी... न्हाई आठवत."

आणि किशनराव खोकले.

कोरडा, खोल खोकला. त्यांनी तोंडावर धरलेला रुमाल लगेच मुठीत चुरगाळला. पण खतीजाबीला दिसायचं ते दिसलं होतं.

पांढरे तंतू.

तेव्हापासून आपलं दुकान वाढवून झालं की ती शेजारी जाते. किशनराव अर्धं शटर धरून उभे असतात. अलीकडं त्यांना उभं राहताना भिंतीचा आधार लागतो. ती आत तोंड करून लहानपणी ऐकलेली, आठवतील ती सगळी नावं घेते. भीमसिंग, चल बाबा. हरिचंद, चल बाबा. एकेक नाव घेते, एक पाऊल बाजूला सरते आणि थांबते.

अजून कुठल्याच नावाला आतलं ठोकणं थांबलेलं नाही.